जमाना खराब आहे, म्हणून?

वाशीम, मंगरूळपीर, कारंजा येथे आमच्या मुली संगणक शिकतात. एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्राचे घरात कौतुक होते. पुण्याहून नोकरीचे बोलावणे आले, की मात्र 'जमाना खराब आहे' म्हणून आम्ही तिला थांबवतो. तिचा भाऊ जातो.

हजरत खदीजा (रजि.) मक्केतल्या व्यापारी होत्या. विवाहापूर्वी हजरत मुहम्मद (स.) त्यांचाच माल घेऊन सीरियाकडे गेले होते, हे आम्ही मिलादच्या जलशात अभिमानाने ऐकतो. ऐकून घरी येतो, एवढेच!

भीती खोटी नाही. पण तिची किंमत मुलीनेच का मोजावी? २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कचेरीत लैंगिक छळाविरुद्ध तक्रार समिती बंधनकारक आहे. लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची समिती असते. मुलीला अडवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आधी मालकाला विचारावे, तुमची समिती कुठे आहे?