तीताच्या येण्याने

शास्त्रपाठ : करिंथकरांस दुसरे पत्र 1:8-11 व 7:5-6



आपल्या कोकणात डोंगरावरून लाकडाची मोळी घेऊन उतरणारी स्त्री आपण सर्वांनी पाहिली आहे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि पायांखाली जांभ्याची निसरडी वाट. एवढे ओझे ती कोसभर वाहून नेते. परंतु तेच ओझे जमिनीवरून उचलून आपल्याच डोक्यावर चढविणे तिला एकटीला साधत नाही. म्हणून ती वाटेकडे पाहत उभी राहते, आणि कोणी दिसताच हाक मारते, "बाय, वाईच हात लाव गो." हात मागण्यास तिला लाज वाटत नाही, आणि मागितलेला हात सहसा कोणी नाकारीत नाही. मग मनावरचे ओझे उचलण्याची वेळ आली म्हणजे आपण वाटेकडे पाहण्याऐवजी घराचे दार का लावून घेतो?

ह्याचे एक कारण आपल्या मंडळ्यांत खोल रुजले आहे. खरा विश्वासी कधी खचत नाही, आणि जो खचला त्याच्या विश्वासात काही उणे असले पाहिजे, असे आपण मानतो. अवेळी पावसाने कलमांचा मोहोर गळाला, सोसायटीचे कर्ज डोक्यावर उभे राहिले, मुंबईस गेलेल्या मुलाचे पत्र नाही की पैसा नाही, घरात दुखणे आहे, तरी रविवारी कोणी विचारले तर आपण म्हणतो, "प्रभूच्या कृपेने सर्व ठीक." आणि आमच्या उपदेशक बंधूंची दशा तर ह्याहून कठीण. दुसऱ्यांचे अश्रू पुसणाऱ्याने स्वतःचे अश्रू कोणास दाखवावे? तो थकलो असे म्हणाला तर मंडळी काय म्हणेल?

प्रेषित पौलाने काय केले ते आपण पाहू. करिंथ येथील मंडळीस तो उघडपणे कळवितो की आशिया प्रांतात आमच्यावर जो क्लेश आला तो आमच्या शक्तीपलीकडचा होता, इतका की आम्ही जगू अशी आशाही आम्हांस उरली नव्हती. हे शब्द विश्वास सोडलेल्या मनुष्याचे नव्हेत. ज्याने अनेक मंडळ्या स्थापिल्या त्याचे आहेत. आणि ते त्याने एकांतात पुटपुटले नाहीत. ज्या मंडळीत त्याचे विरोधकही होते, त्याच मंडळीस त्याने ते लिहून पाठविले, आणि तुम्ही प्रार्थनेने आमचे साहाय्य करीत आहां असेही सांगितले. आपला दुबळेपणा त्याने झाकला नाही, कारण मेलेल्यांना उठविणाऱ्या देवावर भरवसा ठेवण्यास तो त्या दुबळेपणातच शिकला होता.

त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्रोवस गावाची हकीकत आहे. तेथे सुवार्तेसाठी त्यास दार उघडलेले होते. उपदेशकास ह्याहून अधिक काय हवे? परंतु त्याचा बंधू तीत तेथे भेटला नाही, म्हणून त्याच्या जिवास चैन पडेना, आणि उघडे दार मागे टाकून तो मासेदोनियास निघून गेला. तेथेही विसावा नव्हता. बाहेर भांडणे आणि आत भीती. मग सातव्या अध्यायात तो म्हणतो की दीनांचे सांत्वन करणाऱ्या देवाने आमचे सांत्वन केले, आणि ते तीताच्या येण्याने केले.

बंधूंनो, येथे थोडे थांबावे. पौलास दर्शने झाली होती. तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलून नेलेल्या मनुष्याविषयी तो ह्याच पत्रात लिहितो. ह्या प्रसंगी मात्र देवाने त्यास दर्शन दिले नाही. वाट तुडवून आलेला, पायांस धूळ लागलेला एक मित्र दिला. आणि पौल त्या भेटीस देवाचेच सांत्वन म्हणतो. देव आपले सांत्वन पुष्कळदा मनुष्याच्या पायांनी आपल्या दारी पाठवितो. जो म्हणतो, "मला देव पुरे, मनुष्य नको," त्याने विचार करावा की दारावर आलेल्या देवाच्याच दूतास तर आपण माघारी लावीत नाही ना?

कोणी विचारील, मित्रावर विसंबणे म्हणजे देवाच्या जागी मनुष्यास बसविणे नव्हे काय? ह्याचे उत्तर योनाथान देतो. दावीद जीफच्या रानात लपून बसला असता शौलाचा पुत्र योनाथान त्याच्याकडे गेला आणि देवाच्या ठायी त्याचा हात बळकट केला, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. योनाथान आपल्या बापाचा राग शमवू शकला नाही. दावीदास त्या रानातून बाहेर काढू शकला नाही. तो भेटला, देवाच्या वचनाची त्यास आठवण दिली, करार केला आणि घरी परतला. पुढे तिसाव्या अध्यायात सिकलाग जळालेले आहे, बायकामुले पकडून नेलेली आहेत, आणि दावीदाचेच लोक त्यास दगडमार करण्याची भाषा बोलत आहेत. त्या वेळी योनाथान जवळ नव्हता. तेव्हा दावीदाने आपला देव परमेश्वर ह्याच्या ठायी स्वतःस बळकट केले. मला असे वाटते की रानात मित्राने ज्या देवाकडे त्याचा हात नेला, तोच देव त्यास राखेत सापडला. खऱ्या मित्राची हीच खूण होय. तो आपल्याला स्वतःशी बांधून ठेवीत नाही. तो गेल्यावरही आपला हात देवाच्या हातात राहतो.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा आहे, आणि तीनच ओव्यांपुढे प्रत्येकाने आपला भार वाहावा असेही आहे. पुष्कळांस ह्यात विरोध दिसतो. मोळीवालीस तो दिसणार नाही. ओझे तिचेच आहे आणि घरापर्यंत तीच ते वाहणार. परंतु ते उचलताना दुसरा हात लागतो, आणि अंगणात उतरविताना पुन्हा लागतो.

आता आपल्या जिल्ह्यातील एका घराकडे पाहू. कवी नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसाची गोष्ट आपण नेहमी टिळकांच्या बाजूने सांगतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्या बाजूने ती क्वचितच सांगितली जाते. वय तिशीच्या आत, पदरी लहान मुलगा, पती जिवंत असून संसार मोडलेला, आणि चारचौघांत मान वर करण्याची सोय नाही. सुमारे पाच वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. पुढे त्या पतीकडे परतल्या, आणि 1900 साली त्यांनी स्वतः विचारपूर्वक प्रभूचा स्वीकार केला. 1934 सालापासून भागाभागाने निघालेल्या त्यांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथात हा सर्व काळ आला आहे.

त्या वर्षांत त्यांना कोणी सांभाळिले? ज्या आप्तांच्या आधाराने त्या राहिल्या ते ख्रिस्ती नव्हते. टिळकांच्या धर्मांतराने तेही दुखावले गेले होते. तरी आपल्या दुःखातूनच त्यांनी ह्या दुःखी स्त्रीस आणि तिच्या मुलास आसरा दिला. हे आपण नम्रपणे ध्यानात घ्यावे. देवाचा तीत आपल्याच मंडळीतून येईल असा नियम नाही. वाडीतील शेजारी, जुन्या धर्मातील भाऊ, शाळेतील मास्तर, ज्यांच्याशी कित्येक वर्षांत बोलणे नाही अशी बहीण, ह्यांपैकी कोणाच्याही पायांनी तो येऊ शकतो. धर्म बदलला म्हणून जुनी नाती तोडून बसलेल्या बांधवांनी हे विशेष मनावर घ्यावे.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा काय झाले हे आपणांपैकी कित्येकांनी डोळ्यांनी पाहिले. पाणी ओसरल्यावर घरोघरी आणि दुकानोदुकानी चिखल उरला. मग ठिकठिकाणांहून लोक फावडी, झाडू घेऊन आले, आणि ज्यांची ओळखपाळख नाही अशांच्या घरांतील चिखल त्यांनी उपसला. घरातला चिखल दिसतो, म्हणून हात धावून येतात. मनातला चिखल दिसत नाही. रात्री पावसाची सर आली की ज्याची झोप उडते, त्याचे दुःख त्याने सांगितल्यावाचून शेजाऱ्यासही कळत नाही. म्हणून सांगणे हे खचलेल्याचे काम आणि विचारणे हे शेजाऱ्याचे काम. दोन्ही झाली पाहिजेत.

माझ्या सेवेच्या आरंभीची एक गोष्ट सांगण्याची परवानगी द्यावी. खाडीपलीकडील एका गावी मी नवा पाळक होतो. एका पावसाळ्यात पंधरा दिवसांत दोन मृतांना मी माती दिली. त्यांपैकी एक लहान मूल होते. पत्नी आजारी होऊन माहेरी गेली होती, आणि मंडळीत एका जमिनीवरून तंटा चालला होता. मी गुडघे टेकी, पण शब्द येईनात. तरी रविवारी मी आनंद ह्या विषयावर उपदेश केला, आणि घरी येऊन दार लावून घेतले. संध्याकाळी भर पावसात मंडळीतील एक निरक्षर वृद्ध आला. त्याने इरले पडवीत ठेविले आणि एवढेच विचारले, "जेवलांव काय?" मी गप्प राहिलो. त्याने चूल पेटविली, पेज शिजविली, माझ्यासमोर ठेविली आणि स्वतःही थोडी घेतली. उपदेश केला नाही, वचन सांगितले नाही. पेज संपेपर्यंत मी त्यास सर्व सांगून टाकिले होते. जाताना त्याने दोन वाक्यांची प्रार्थना केली. माझे ओझे त्या रात्री नाहीसे झाले नाही. पण ते माझ्या डोक्यावर नीट बसले आणि मला चालता येऊ लागले. तो वृद्ध आता प्रभूजवळ आहे. मी त्यास सांगितलेले त्याच्याबरोबरच गेले. गावात त्याचा एक शब्दही फुटला नाही.

ह्यावरून मित्र कसा असावा हे मी शिकलो. तो गुप्त गोष्ट पोटात ठेवणारा असावा. आपल्या मंडळ्यांत 'प्रार्थनेचा विषय' म्हणून दुसऱ्याचे दुःख सभेत मांडण्याची चाल आहे. ज्याचे दुःख त्याच्या संमतीवाचून असे करणे म्हणजे चहाडीच होय, आणि असे एकदा घडले की तो मनुष्य पुन्हा कोणापुढे तोंड उघडीत नाही. दुसरे, त्याने उत्तराची घाई करू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भूमीवर निमूट बसले, तोवर त्यांच्या हातून चांगलेच काम झाले. तोंडे उघडून त्याची पापे शोधू लागले तेव्हा ते बिघडले. तिसरे, त्याने पोटाची आणि झोपेची विचारपूस करावी. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयास देवाने आधी झोप व भाकर दिली, आणि मग आपला शब्द दिला.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कित्येक वेळा मनाचे दुखणे मित्राच्या आवाक्याबाहेरचे असते. झोप जाते, अन्न नकोसे होते, जीव द्यावा असे विचार येतात. अशा मनुष्यास एकटे सोडू नये, आणि त्यास वैद्याकडे नेण्यास लाजू नये. पौलाबरोबर लूक हा प्रिय वैद्य होता. प्रार्थना करणाऱ्या प्रेषितास वैद्य जवळ असण्यात संकोच वाटला नाही. रत्नागिरीस मनोरुग्णांचे सरकारी रुग्णालय आहे. त्याचे नाव थट्टेत घेण्याची वाईट खोड आपण टाकावी. 10 ऑक्टोबर 2022 पासून सरकारने 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली आहे. 14416 ह्या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास विनामूल्य बोलता येते. हेही देवाने ठेविलेले हात आहेत असे मी मानतो.

परंतु ज्यास कोणी तीत नाही, ज्याच्या दारी कोणी आले नाही, त्याने काय करावे? त्याने गेथशेमाने बागेकडे पाहावे. तेथे आपल्या प्रभूने पेत्र, याकोब व योहान ह्यांस जवळ घेतले आणि माझ्याबरोबर जागे राहा असे विनविले. देवाच्या पुत्राने मित्रांचा हात मागितला. मग आपण तो मागण्यास का लाजावे? ते मित्र झोपी गेले. पण पिता झोपला नाही, आणि स्वर्गातून आलेल्या दूताने प्रभूस शक्ती दिली असे लूक सांगतो. मित्र न मिळण्याचे दुःख काय असते हे आपला प्रभू जाणतो. म्हणून ज्याच्याजवळ कोणी नाही त्याच्याजवळ तो आधीच बसलेला आहे. त्याच्यापाशी मन मोकळे करावे, आणि तरीही उद्या सकाळी वाटेकडे पाहावे व एकदा हाक मारून पाहावी.

प्रियजनहो, हा अंक वाचून झाल्यावर दोन गोष्टी कराव्या. ज्याचे ओझे जड झाले आहे त्याने ह्या आठवड्यात एका विश्वासू मनुष्यास ते सांगावे. ज्याचे पाय मोकळे आहेत त्याने बंद राहू लागलेल्या एका दारावर जावे. उपदेशक बंधूंचे दारही त्यांत मोजावे. तेथे विचारणारे फार थोडे असतात.

हे दयावंत पित्या, जे आज शक्तीपलीकडे दबले आहेत त्यांचा तू आधार हो. त्यांना बोलण्याचे धैर्य दे, आणि आम्हांस ऐकण्याचे कान व मौन राखणारी जीभ दे. ज्यांच्या दारी अजून कोणी गेले नाही, त्यांच्या दारी आमची पावले ने. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नामाने मागतो. आमेन.