अनोळखी घांस

दोन-अडीच वर्षांचें मूल ताटांतील नवी भाजी पाहून तोंड फिरवितें. आई म्हणते, मूल हट्टी आहे. आजी म्हणते, राहूं द्या, आपल्यांत हें कोणी खाल्लेंच नाहीं. मूल खरोखर हट्टी आहे काय, आणि आजीचें बोलणें न्यायाचें आहे काय, असे दोन प्रश्न येथें उत्पन्न होतात.

गाईला गवत ओळखतां आलें म्हणजे पुरे. मनुष्य पुष्कळ पदार्थ खाऊं शकतो, म्हणून नवें न खाल्लें तर उपासमार आणि खाल्लें तर कदाचित् विष, अशा दुहेरी पेंचांत तो सांपडतो. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९७६ सालीं हा पेंच स्पष्ट करून मांडिला. अनोळखी घांसाविषयींची शंका हा आपल्या मुखावर बसविलेला पहारेकरीच होय. मूल चालूं लागून हातीं येईल तें तोंडांत घालूं लागतें, त्यानंतर लवकरच हा पहारेकरी जागा होतो, आणि सुमारें दोन ते सहा वर्षांच्या वयांत तो फार कडक असतो. त्याला हट्ट म्हणणें अन्याय आहे.

मोठ्यांचा पहारेकरीहि उगाच बसलेला नाहीं. तुंगारेश्वराच्या डोंगराकडील पाड्यांवर पावसाच्या आरंभीं शेवळें निघतात. काकडाच्या आंबट फळावांचून तीं शिजविलीं तर घशाला खाज सुटते. कडूकंद तर चिरून, उकडून, वाहत्या पाण्यांत ठेविल्यावांचून खाण्याजोगा होत नाहीं. ही विद्या ज्या मातांनीं पिढ्यान् पिढ्या राखिली, त्यांपैकीं एखादीनें पुडींतून आलेल्या पिठाकडे संशयानें पाहिलें, तर तिला अडाणी म्हणण्याची घाई करूं नये. मुंबईचा शिकलेला पाहुणा शेवळांच्या भाजीला हात लावावयास कचरतो, त्याला कोणी अडाणी म्हणत नाहीं!

वसईंत ह्या शंकेला आणखी एक मूळ आहे. पोर्तुगीजांनीं विहिरींत पाव टाकिला, तें पाणी प्यालेले लोक जातीबाहेर पडले, आणि असें गांवचें गांव ख्रिस्ती झालें, अशी गोष्ट येथें अजून सांगतात. गोष्ट किती खरी हें बाजूस ठेवूं. तिच्यांतील भीति मात्र खरी आहे. पाव कडू लागेल ही ती भीति नव्हे. पाव खाल्ला तर आपले लोक आपल्याला आपलें म्हणणार नाहींत, ही ती भीति. सून हातांतील अंडें सासूकडे पाहून खालीं ठेविते, तेथें हीच भीति असते. आणि नवल पाहा: वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत ज्या पोर्तुगीजांचा अंमल होता, त्यांच्याच गलबतांतून मिरची, पपई, काजू हीं अमेरिकेचीं फळें आपल्या देशांत आलीं; बटाटा हा तर शब्दहि पोर्तुगीज. आज मिरचीवांचून कालवणाला चव नाहीं, आणि शेजाऱ्यांच्या उपासालाहि बटाटा चालतो. आजीच्या चुलीवर जें रटरटत आहे, त्यांतील पुष्कळ एके काळीं तिच्या पूर्वजांनींहि कधीं खाल्लेलें नव्हतें.

मनुष्यानें स्वतःपुरतें एखादें अन्न नाकारिलें तर तो त्याचा अधिकार आहे. परंतु आईचा नकार तिच्यापुरता राहत नाहीं. फिलाडेल्फिया येथील संशोधक ज्यूली मेनेला व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहींत किंवा अंगावर पाजीत असतां ज्या माता गाजराचा रस प्याल्या, त्यांच्या मुलांनीं पुढें गाजराच्या चवीचें अन्न घेतांना इतर मुलांपेक्षां तोंड कमी वांकडें केलें. आईच्या अन्नाची चव गर्भजलांत व दुधांत उतरते. तिचें ताट हें मुलाचें पहिलें ताट आहे. जी आई, मूल लहान राहून बाळंतपण सोपें जावें म्हणून अर्धपोटीं राहते, किंवा पहिलें पिवळें दूध वाईट समजून पिळून टाकिते, ती ज्याला बोलतां येत नाहीं त्याच्या वतीनें नाहीं म्हणते. कच्च्या पपईविषयींची सावधगिरी गरोदर स्त्रीनें खुशाल पाळावी. पण केळें, अंडें, पालेभाजी ह्या सर्वांवर एकच बंदी घालण्यापूर्वीं, तिचा भार कोणावर पडतो, हें तिनें व विशेषेंकरून तिच्या सासूनें पाहावें.

तथापि सगळा दोष आईच्या पदरीं बांधणारे लोक आम्हांस आवडत नाहींत. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंची वार्ता सर्व महाराष्ट्रांत गेली. तीं लेकरें नवें अन्न नाकारून मेलीं नाहींत, त्यांच्या घरीं पुरेसें अन्नच नव्हतें. पुढें २०१५ सालीं शासनानें आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांस एक वेळचें गरम जेवण देण्यासाठीं अमृत आहार योजना काढिली, आणि मागाहून तिच्यांत लहान मुलांस अंडें अथवा केळें देण्याची सोय झाली. पुडी घरीं नेणें आणि दहा जणींनीं पंगतीस बसणें ह्यांत मोठें अंतर आहे. शेजारीण खाते हें डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे निम्मी भीति तेथेंच जाते.

मुलावर जुलूम तर मुळींच करूं नये. नाक दाबून घातलेल्या घांसानें पहारेकरी अधिकच सावध होतो. तोच पदार्थ आठ-दहा, कधीं पंधरा वेळां थोडाथोडा पुढें ठेवावा लागतो. आई मात्र तिसऱ्या वेळींच कंटाळते. यापोच्या धाब्यावर पेत्रालाहि तें दर्शन तीनदां घडलें, आणि तो तर प्रेषित होता.

आमच्या कांहीं शिक्षक बंधूंस पाड्यावर जेवणाचा आग्रह झाला म्हणजे "पोट भरलें आहे" असें सांगण्याची संवय आहे. माता तें पाहतात. त्यांनीं प्रथम त्या घरचीं शेवळें खावीं, काकड घातलें आहे ना एवढें विचारून घ्यावें, आणि मग आपल्या पिशवींतील केळें बाहेर काढावें.