उंची, संख्या आणि विभुत्व

'उंच' आणि 'पुष्कळ' ही विशेषणे वस्तूच्या अंगी असलेला धर्म सांगतात की वस्तू आणि पाहणारा यांच्यातील नाते सांगतात, हा प्रश्न वरवर व्याकरणाचा वाटला तरी मुळात तत्त्वज्ञानाचा आहे, आणि परमेश्वराला 'सर्वोच्च', 'महान' किंवा 'अनंत' म्हणणाऱ्या कोणत्याही धर्मविचाराला तो टाळता येत नाही. मराठी माणसाला हा प्रश्न बहुधा प्रथम भेटतो तो इंग्रजी शिकताना. मराठीत माणूस उंच, माड उंच, डोंगर उंच आणि आभाळात फिरणारी घारही उंचच. इंग्रजीत मात्र माणसाला व माडाला 'टॉल' म्हणावे लागते, तर डोंगराला, ढगाला आणि फडताळाच्या वरच्या फळीला 'हाय'. त्याचप्रमाणे मराठीत पाणी पुष्कळ असते आणि माणसेही पुष्कळ असतात, पण इंग्रजीत पाण्याला 'मच' लागते आणि माणसांना 'मेनी'. शाळेत हा भेद पाठ करून घेतला जातो. तो का पडला याचे कारण सहसा सांगितले जात नाही. ते कारण समजून घेण्याची उत्तम सामग्री वैशेषिक दर्शनात आहे.

कणादप्रणीत वैशेषिक दर्शन जगातील सर्व वस्तुजात द्रव्य, गुण, कर्म अशा पदार्थांत विभागते. येथे 'पदार्थ' म्हणजे शब्दाने ज्याचा बोध होतो असे कोणतेही सत्. द्रव्याच्या आश्रयाने राहणारा धर्म तो गुण, आणि अशा चोवीस गुणांच्या यादीत तीन गुण प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला 'परिमाण', म्हणजे ज्यामुळे वस्तूला लहान, मोठी, लांब वा आखूड म्हणता येते तो तिचा स्वतःचा आकारधर्म. त्याचे अणू, महत्, दीर्घ आणि ऱ्हस्व असे चार प्रकार अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात नवशिक्यालाही शिकवले जातात. दुसरा 'संख्या'. तिसरा 'परत्व', म्हणजे दूरपणा, आणि त्याचा जोडीदार 'अपरत्व', म्हणजे जवळपणा. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणाऱ्या भीमाचार्य झळकीकरांनी आपल्या न्यायकोशात अशा संज्ञांच्या व्याख्या मोठ्या कष्टाने एकत्र केल्या, त्यामुळे त्यांचे परस्परभेद आजही कोणालाही तपासून पाहता येतात.

या तीन गुणांच्या उजेडात पाहिले तर इंग्रजीतील भेद मनमानी राहत नाही. 'टॉल' हे परिमाणाचे विशेषण आहे: वस्तूच्या स्वतःच्या बुडापासून शेंड्यापर्यंतचे दीर्घत्व ते सांगते, आणि वस्तू कोठेही नेली तरी ते तिच्याबरोबर जाते. 'हाय' हे प्राधान्याने परत्वाचे विशेषण आहे: एखाद्या पातळीपासून ऊर्ध्व दिशेला वस्तू किती दूर आहे हे ते सांगते, आणि पातळी बदलली की विधानही बदलते. ही जुळणी सर्वत्र काटेकोर बसत नाही हे खरे; भिंत जमिनीवरच उभी असूनही इंग्रजीत तिला 'हाय' म्हणतात, कारण तिचा विस्तार उंचीपेक्षा लांबीत अधिक असतो. प्राचीन वैशेषिकांपुढे इंग्रजी नव्हती आणि ही सांगड त्यांनी घातलेली नाही. तरीही त्यांनी जो भेद तर्काने केला तोच एका परक्या भाषेने नकळत विशेषणांत साठवून ठेवावा, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे.

हा भेद केवळ पोथीतला नाही, याचे प्रत्यक्ष उदाहरण नवी मुंबईत मिळते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेल्या या शहरात विमानतळ आला आणि त्याबरोबर इमारतींच्या उंचीवरील निर्बंधही आले. विमानतळाभोवती, धावपट्टीच्या पातळीपासून ४५ मीटर वर, एक आडवे कल्पित प्रतल धरले जाते आणि त्या पट्ट्यातील बांधकामाचा माथा त्याला भेदणार नाही हे पाहिले जाते. म्हणून विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत पत्रात इमारत किती मीटरची असावी हे मुळात सांगितलेले नसते, तर तिचा माथा सरासरी समुद्रसपाटीपासून किती मीटरपर्यंत जाऊ शकतो हे सांगितलेले असते, आणि त्यातून भूखंडाची स्वतःची पातळी वजा करून विकासकाला आपले मजले मोजावे लागतात. खाडीलगतच्या भरावावर पाच मीटर पातळीला उभी राहिलेली ४० मीटरची इमारत आणि तीस मीटर पातळीच्या चढावर उभी राहिलेली तेवढीच इमारत यांचे परिमाण एकच. परंतु त्यांचे माथे ४५ आणि ७० मीटरवर, म्हणजे परत्व भिन्न. वैमानिकाला परिमाणाशी कर्तव्य नसते, त्याला परत्व हवे असते. याच कारणाने उलवे येथील सुमारे ९० मीटरचा डोंगर कापून सपाट करण्यात आला. उलट खारघरच्या डोंगरावरील चाफेवाडी आणि फणसवाडी येथील बसकी घरे परिमाणाने ठेंगणी आहेत, पण खालच्या वसाहतीतल्या कित्येक मनोऱ्यांहून ती वरच्या पातळीवर आहेत. मराठीत दोहोंनाही 'उंचावरची' आणि 'उंच' असे एकाच मुळाचे शब्द लागतात, म्हणून हा फरक बोलताना निसटतो. आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे, ती ही की ज्या समुद्रसपाटीवरून हे सर्व मोजले जाते ती भरती-ओहोटीच्या दीर्घकालीन निरीक्षणांची सरासरी आहे, म्हणजे पाण्यात कोठेही दिसणारी रेषा नसून मोजणाऱ्यांनी मान्य केलेली रेषा आहे.

परत्व असे सापेक्ष असेल, तर परिमाण तरी निरपेक्ष आहे काय? ॲरिस्टॉटलने आपल्या 'कॅटेगरीज' या ग्रंथात लहान-मोठे या शब्दांना परिमाणवाचक मानण्याचेच नाकारले. एखाद्या डोंगराला लहान आणि एखाद्या धान्याच्या दाण्याला मोठा म्हटले जाते, कारण प्रत्येकाची तुलना त्याच्या जातीतील इतरांशी होते, म्हणून हे शब्द नातेवाचक आहेत असे त्याचे मत. वैशेषिकांचे उत्तर वेगळे आणि अधिक सूक्ष्म आहे. प्रशस्तपादाच्या भाष्यात बोर, आवळा आणि बेलफळ यांचे उदाहरण येते: बेलाशेजारी ठेवलेल्या आवळ्याला लहान म्हणतात, पण डोळ्यांना दिसतात त्या अर्थी ही तिन्ही फळे 'महत्' आहेत, आणि आवळ्याला लहान म्हणणे हा 'भाक्त' व्यवहार, म्हणजे गौण, उपचाराने केलेला प्रयोग आहे. परिमाण वस्तूत आहे. तुलना बोलण्यात आहे. बोलण्यातला सापेक्षपणा वस्तूवर लादू नये, हा त्यांचा आग्रह ॲरिस्टॉटलच्या सरळ नकारापेक्षा अधिक पटतो, कारण कोणी तुलना केली नाही तरी आवळा आपल्या आकाराचाच राहतो.

संख्येच्या बाबतीत मात्र वैशेषिकांनी याच्या नेमकी उलट भूमिका घेतली, आणि तेथे हा विषय धर्मविचाराच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो. एकत्व प्रत्येक वस्तूत स्वतःचे असते, पण द्वित्व, त्रित्व आणि त्यापुढील संख्या 'अपेक्षाबुद्धी'ने उत्पन्न होतात. अपेक्षाबुद्धी म्हणजे 'हे एक, हे एक' अशी अनेक एकांना एकत्र धरणारी जाणीव. मोजणाऱ्याने मोजल्याशिवाय 'अनेक' नाही. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत हा भेद रोज हाताळला जातो. धान्याच्या गाळ्यात तांदूळ क्विंटलने तोलला जातो, कारण तेथे कोणी दाण्यांना 'हा एक, हा एक' म्हणत नाही, आणि फळबाजारात हापूस पेटीत डझनाच्या हिशेबाने भरला जातो, कारण तेथे प्रत्येक फळ एकेक करून पाहिले जाते. त्याच आंब्यांचा रस काढला की डझन संपतात आणि वाटीचे माप सुरू होते; द्रव्य तेच, पण अपेक्षाबुद्धी मागे घेतली गेली. इंग्रजीतील 'मेनी' आणि 'मच' यांच्यामधली रेषा नेमकी येथून जाते. मिलेटसच्या युबुलिडीसच्या नावावर असलेला ढिगाचा कूटप्रश्न, म्हणजे एकेक दाणा काढत गेल्यास ढीग नेमका कोणत्या दाण्याला ढीग राहत नाही हा प्रश्न, या रेषेवरच उभा आहे, कारण ढीग पाहणारी बुद्धी आणि दाणे मोजणारी बुद्धी एकाच वेळी काम करू लागल्या की तो उद्भवतो.

अपेक्षाबुद्धीच्या या सिद्धान्तातून मिथिलेच्या उदयनाचार्यांनी आपल्या न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीचा एक युक्तिवाद रचला, आणि ईश्वराच्या अस्तित्वाचा इतका विलक्षण पुरावा क्वचितच कोणी दिला असेल. कवडशात तरंगणारा धूलिकण, ज्याला त्र्यणुक म्हणतात, हा या मताप्रमाणे दृष्टीस पडणारा सर्वांत लहान पदार्थ. तो तीन द्व्यणुकांचा आणि प्रत्येक द्व्यणुक दोन परमाणूंचे. परिमाण नेहमी आपल्याच जातीचे अधिक उत्कट परिमाण उत्पन्न करते, म्हणून अणुपरिमाणातून अधिक अणूच काहीतरी निघेल, 'महत्' कधीच निघणार नाही. तेव्हा धूलिकणाला मोठेपणा आला तो त्याच्या घटकांच्या आकारामुळे नव्हे, तर त्यांच्या संख्येमुळे. पण संख्येला मोजणारा लागतो. सृष्टीच्या आरंभी देहधारी कोणीच नव्हते, आणि परमाणू तर सामान्य माणसाच्या इंद्रियांना कधीच गोचर नसतात. म्हणून त्यांना 'हे एक, हे एक' असे जाणणारी बुद्धी ईश्वराचीच असली पाहिजे. द्वित्वाला मोजणाऱ्याची गरज आहे हे ज्याला मान्य नाही त्याच्यापुढे हा पुरावा टिकत नाही, हे उघड आहे. तरीही त्यातील देवाची कल्पना आदरास पात्र आहे: हा देव उंचावर बसलेला राजा नाही, तर सर्वांत क्षुद्र कणांनाही वेगवेगळे ओळखून त्यांची गणना करणारा आहे, आणि जगातील सर्व मोठेपणा त्या ओळखीतून आलेला आहे.

मग देवाला 'सर्वोच्च' म्हणण्यात काय अर्थ उरतो? 'उच्च' हे परत्वाचे विशेषण असल्यामुळे ते कोणत्या तरी पातळीची अपेक्षा ठेवते, आणि ज्याची उंची पातळीवरून मोजावी लागते तो त्या पातळीच्या बाहेर असतो, म्हणजेच सर्वत्र नसतो. वैशेषिकांनी म्हणून येथे उंचीचे नव्हे, परिमाणाचे विशेषण निवडले. आकाश, काल, दिशा आणि आत्मा यांना त्यांनी 'परममहत्' परिमाण दिले आणि अशा द्रव्याला 'विभू' म्हटले. सर्व मूर्त द्रव्यांशी ज्याचा संयोग आहे ते विभू. ही मोठेपणाच्या शिडीवरची शेवटची पायरी नव्हे. बेलापेक्षा डोंगर मोठा आणि डोंगरापेक्षा आकाश मोठे, असे म्हणताना शेवटच्या पावलाला शिडी संपलेली असते, कारण आकाशाला कडा नसल्यामुळे त्याच्याशेजारी काही ठेवून तुलना करता येत नाही. हीच गोष्ट भास्कराचार्यांनी गणिताच्या अंगाने सांगितली. ११५० साली सिद्धान्तशिरोमणी रचणाऱ्या या गणितज्ञाच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने आजच्या जळगाव जिल्ह्यातील पाटण येथे मठ स्थापला, तसा शिलालेख तेथे आहे. बीजगणितात ते शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हणतात आणि तिच्यात कितीही मिळवले वा तिच्यातून कितीही काढले तरी ती बदलत नाही असे सांगून, प्रलयकाळी असंख्य जीव शिरले किंवा सृष्टिकाळी बाहेर पडले तरी अच्युतात जसा फरक पडत नाही, तशी तिची तुलना करतात. आजचे गणित शून्याने भागण्यास परवानगी देत नाही. परंतु 'पुष्कळ' आणि 'अनंत' यांत अंतर प्रमाणाचे नसून प्रकाराचे आहे, ही त्यांची जाण अचूक होती.

वैशेषिक आणि त्यांचे सहप्रवासी नैयायिक यांच्या मताचा एक परिणाम मात्र त्यांच्या अनुयायांनी पुरेसा जाणला नाही. विभुत्व त्यांनी केवळ परमात्म्याला दिले नाही, तर प्रत्येक जीवात्म्याला दिले. रामानुज आणि मध्व यांनी जीवाला अणू मानले. नैयायिकांनी त्याला आकाशाएवढे मानले. या मताप्रमाणे परिमाणाच्या दृष्टीने कोणताही आत्मा दुसऱ्यापेक्षा, इतकेच काय परमेश्वरापेक्षाही, लहान नाही. भेद ज्ञानादी गुणांचा आहे, आकाराचा नाही. असे असूनही समाजात माणसांना 'उच्च' आणि 'नीच' म्हटले गेले, आणि ही विशेषणे परत्वाची असताना ती परिमाणाची असल्याप्रमाणे वापरली गेली: कोणीतरी आखलेल्या एका पातळीवरून मोजलेले स्थान हे माणसाच्या अंगीचे जन्मजात माप ठरवण्यात आले. पंढरपुरात असेच 'नीच' ठरवल्या गेलेल्या संत चोखामेळ्याला विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश नव्हता. त्याची समाधी महाद्वारासमोर आहे, आणि तेथेच ती नामदेव पायरी आहे, जिथे भक्तांचे पाय आपल्याला लागावेत या इच्छेने नामदेव विसावले अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. नामदेवांनी खालची जागा स्वतः मागून घेतली. चोखोबांवर ती लादली गेली. पायरीवर डोके टेकवणाऱ्या भक्ताला या दोन गोष्टींतला फरक दिसला पाहिजे, कारण नम्रता आणि अवहेलना ही दोन्ही एकाच पातळीवर सापडली तरी एक वस्तू नव्हेत. ज्या तर्कशास्त्राने आत्म्याला भिंत नाही हे सिद्ध केले, ते पाठशाळांत शतकानुशतके घोकले जात असताना चोखोबांसारख्यांना महाद्वार बंदच राहिले, आणि ते उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावे लागले.