हागार नावाच्या बायका

इंग्रजी कादंबरीत बायबलमधलं नाव दिसलं की समीक्षकाचं निम्मं काम झालं, असं धरून चालायची पद्धत आहे. योना म्हणजे पळपुटा, रूथ म्हणजे निष्ठा, ईयोब म्हणजे सोशिकपणा. नाव ओळखायचं, मूळ गोष्ट आठवायची आणि तिचं तात्पर्य पात्राला चिकटवून मोकळं व्हायचं. परीक्षेच्या पेपराला ते पुरतं. पण चांगला लेखक जुनं नाव उचलतो तेव्हा त्याची नजर बहुधा तात्पर्यावर नसते. जुनी गोष्ट जिथून घाईघाईने पुढे सरकली, तिथे त्याला पुन्हा जायचं असतं. हागार या नावाचं काय झालं ते पाहिलं की हे पटतं.

उत्पत्तीच्या पुस्तकात ती दोनदा येते, सोळाव्या अध्यायात आणि एकविसाव्यात. साराय, म्हणजे पुढची सारा, निपुत्रिक, म्हणून ती आपली मिसरी दासी नवऱ्याला, अब्राहामाला, देते. दासीला दिवस जातात, तशी ती मालकिणीला जुमानेनाशी होते. मालकीण छळते, दासी रानात पळते. झऱ्यापाशी देवदूत तिला गाठतो आणि काय सांगतो? परत जा, मालकिणीच्या हाताखाली राहा. तिथे हागार आपल्याशी बोलणाऱ्या देवाला नाव देते: मला पाहणारा. पुढे सारेला स्वतःचा मुलगा होतो आणि अब्राहाम हागारला भाकरी नि पाण्याची मसक देऊन मुलासकट वाटेला लावतो. बैर-शेब्याच्या रानात पाणी संपतं. ती मुलाला झुडपाखाली टाकते आणि बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसते, मरताना तो दिसू नये म्हणून. मग विहीर दिसते, मुलगा वाचतो, आणि गोष्ट हागारला सोडून पुढे जाते.

हे बाणाच्या टप्प्याचं अंतर लिहिणारा कोणी का असेना, त्याला माणसं कळत होती. नंतरच्यांना तितकी कळली नाहीत. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने हागारला रूपक करून टाकलं: ती म्हणजे दास्य, सारा म्हणजे स्वातंत्र्य. नावावरून विषय काढायच्या सवयीचं मूळ इतकं जुनं आहे, आणि ते निरुपद्रवीही नाही. अमेरिकेत 1850च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याची तरफदारी करणारे धर्मोपदेशक याच देवदूताचा दाखला देत: पळालेल्या दासीला देवानेच परत धाडलं होतं ना? तिकडे कृष्णवर्णीय अमेरिकनांनी मात्र हागारला आपल्यातली मानलं. आफ्रिकी आणि आदिवासी वंशाच्या एडमोनिया लुईस या शिल्पकर्तीने 1875मध्ये तिला संगमरवरात उभं केलं, आणि पॉलिन हॉपकिन्स यांची ‘हागार्स डॉटर’ ही कादंबरी 1901-02मध्ये मासिकातून क्रमशः आली. इस्लामी परंपरेत तर ती आदराची हाजरा आहे. पाण्यासाठी सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये तिने केलेल्या सात फेऱ्या आजही प्रत्येक हाजी मारतो, आणि आपल्याकडच्या मुसलमान घरांत मुलींची नावं हाजरा असतात. इतक्या तऱ्हांनी जगलेल्या बाईवर एकच ‘थीम’ कशी बसावी?

मार्गारेट लॉरेन्स यांच्या ‘द स्टोन एंजल’ (1964) मधली हागार शिप्ली तर दासीही नाही. कॅनडाच्या गवताळ प्रदेशातल्या मनावाका नावाच्या काल्पनिक गावातल्या दुकानदाराची ही मुलगी, वय नव्वद, जीभ तिखट. नोकरचाकर आणि तोरा असलेल्या घरातली; म्हणजे वळणाने खरं तर सारेच्या बाजूची. वडिलांचं न ऐकता तिने शेतकऱ्याशी लग्न केलं आणि त्याच्या गावंढळपणाची आयुष्यभर लाज बाळगली. भाऊ मरणपंथाला लागला होता. त्याला धीर यावा म्हणून मेलेल्या आईची शाल पांघरून जवळ बसायचं होतं, तेवढंही तिच्याने झालं नाही. पुढे नवऱ्याला सोडून धाकट्या मुलाला घेऊन ती पश्चिम किनाऱ्यावर गेली आणि दुसऱ्याच्या घरची हाउसकीपर झाली. तिला कोणी हाकललं नव्हतं. रान तिने स्वतःच निवडलं.

लॉरेन्स यांनी मूळ गोष्टीतलं सगळं उलटं केलं आणि देवदूत तेवढा ठेवला, तोही दगडाचा. हागारला जन्म देताना आई गेली. तिच्या थडग्यावर वडिलांनी इटलीहून मागवलेला पुतळा बसवला. आईच्या आठवणीपेक्षा घराण्याच्या मिरवण्यासाठीच तो जास्त. पुतळ्याचे डोळे कोरलेलेच नाहीत. मला पाहणारा असं देवाला म्हणणाऱ्या बाईच्या नावाच्या बाईला लाभला तो आंधळा देवदूत. पुढे एकदा तो आडवा पडलेला सापडतो, ओठांवर कोणीतरी लिपस्टिक फासलेली. मुलगा त्याला उभा करतो, आई लिपस्टिक पुसते. गावकऱ्यांनी पाहायच्या आत सगळं नीट झालं पाहिजे, एवढीच तिची काळजी! म्हातारपणी वृद्धाश्रमाच्या भीतीने ती घरातून पळते आणि समुद्राकाठच्या एका ओसाड कॅनरीत लपते. समोर अख्खा समुद्र आणि घशाला कोरड. तिथे देवदूत येत नाही. दारूची बाटली घेऊन एक विमा एजंट येतो, ज्याने स्वतःचं मूल आगीत गमावलेलं आहे. त्याच्यापाशी ती आपल्या मेलेल्या मुलाचं दुःख पहिल्यांदा मोकळं करते. शेवटी इस्पितळात सून पाण्याचा पेला धरते तेव्हा ही तो हिसकावून स्वतःच्या हातात घेते. ही उद्धाराची खूण की पुन्हा तोच ताठा? मला ताठा वाटतो, आणि म्हणूनच तो शेवट आवडतो.

टोनी मॉरिसन यांनी ‘साँग ऑफ सॉलोमन’ (1977) मध्ये नाव-विषयाच्या खेळाची थट्टाच केली आहे. तिथल्या डेड घराण्यात बायबलवर न पाहता बोट ठेवून नाव काढायची रीत. निरक्षर बापाला एका शब्दाची अक्षरं दिसायला ऐटदार वाटली आणि मुलीचं नाव पडलं पायलेट. म्हणजे पंतय पिलात, येशूला वधस्तंभाकडे धाडणारा! ही पायलेट कादंबरीतली सर्वांत मायाळू बाई. नावावरून पात्र वाचू पाहणाऱ्याला लेखिकेने दारातच अडवलं आहे. पण तिची नात हागार येते तेव्हा नाव खरं होऊ लागतं. कादंबरीचा नायक मिल्कमन बारा-तेरा वर्षं तिच्याशी संबंध ठेवतो आणि एका नाताळात आभाराचं पत्र नि पैसे पाठवून मोकळा होतो. भाकरी आणि मसकेची ही विसाव्या शतकातली आवृत्ती. ती त्याला मारायला निघते, पण हात उठत नाही. मग आरशात पाहून तिला वाटतं, आपण नीट दिसत नाही म्हणून हे झालं. ती कपडे आणि प्रसाधनं खरेदी करत सुटते. परतताना पावसात पिशव्या फाटतात, सगळं भिजतं. ताप भरतो आणि ती मरते. मूळ हागारला पाण्याने वाचवलं होतं.

आपल्याकडे अशी उसनी नावं कमी दिसतात. मराठी लेखक थेट मूळ पात्राकडेच जातो: खांडेकर ययातीकडे, शिवाजी सावंत कर्णाकडे, इरावतीबाई महाभारतातल्या एकेका माणसाकडे. जात्यावरच्या बायकांनीही सीतेचा वनवास सीतेच्याच नावाने गायला. त्यात मूळ व्यक्तीला न्याय मिळतो. नुसतं नाव गव्हाच्या गावात किंवा मिशिगनच्या वस्तीत नेऊन सोडण्यात दुसरं काही साधतं: जुन्या गोष्टीने दिलेला दिलासा इथे मिळेलच याची हमी उरत नाही.

मॉरिसनवर एक आक्षेप घेतला जातो की मिल्कमनला शहाणपण यावं म्हणून हागारला मारलं. आक्षेप रास्त आहे, पण तो उत्पत्तीच्या पुस्तकालाही लागू होतो. तिथेही वचन मिळतं ते मुलाच्या, इश्माएलच्या, वंशाचं, हागारला विहीर दिसते तीही मुलाने मोठं व्हावं म्हणून. हर्मन मेलव्हिलच्या ‘मोबी-डिक’मधला निवेदक इश्माएल हे नाव स्वतःच सांगतो, ते खरं की घेतलेलं हे वाचकाला कळूही देत नाही, आणि जहाज बुडाल्यावर गोष्ट सांगायला एकटा उरतो. मॉरिसनच्या हागारला मूल नाही आणि निवेदनही नाही. पण मिल्कमन परततो तेव्हा पायलेट त्याला बाटली मारून तळघरात डांबते, आणि पुढे हागारच्या केसांची पेटी त्याच्या हाती देते: घरी ने म्हणून. अब्राहामाला असं काही कोणी दिलं नव्हतं.