आपले आणि त्यांचे

तासगावच्या बेदाणा बाजारातील एका अडतदुकानाच्या हिशेबाचा प्रोग्राम दोघे मिळून लिहीत आहेत, असे समजू. एकाने अडतीचा दर बदलला, दुसऱ्याने त्याच ओळीत वेगळा दर घातला. २००५ साली लिनस टोरवाल्ड्सने तयार केलेले 'गिट' अशा वेळी थांबते, दोन्ही मजकूर एकाखाली एक मांडते आणि निवाडा माणसावर सोपवते. नवशिके मग समोरच्याची ओळ पुसून मोकळे होतात. ती ओळ त्याने का लिहिली, हे विचारायला कोण जातो?

गिट या दोन बाजूंना 'आपले' आणि 'त्यांचे' म्हणते. गंमत अशी, की आपले काम दुसऱ्याच्या कामावर नव्याने रचताना, म्हणजे 'रिबेस' करताना, ही नावे उलटतात. डोळे झाकून 'आपले' राखणारा तेव्हा स्वतःचीच मेहनत पुसतो.

मला धास्ती वाटते ती मात्र संघर्ष न होण्याची. एकाने वजन किलोऐवजी क्विंटलमध्ये नोंदवले, दुसऱ्याने वेगळ्याच फायलीत किलो धरून सूत्र लिहिले. ओळी भिडल्या नाहीत, म्हणून गिटने दोन्ही बिनबोभाट जोडले. याला एकमत म्हणायचे? शेतकऱ्याच्या पट्टीवर शंभर किलोचे पैसे एका किलोइतके उतरतील, तेव्हा कुठे दोघे एकमेकांशी बोलू लागतील.