मिसरातली पेटी

उत्पत्तीच्या पुस्तकाचा शेवट मला दर वेळी थांबवतो. आकाश आणि पृथ्वी घडवण्यापासून सुरू झालेला हा ग्रंथ एका शवपेटीपाशी मिटतो, आणि तीही परक्या मुलखात. योसेफ 110 वर्षांचा होऊन वारला, त्याच्या देहात मसाला भरला, त्याला मिसर देशात पेटीत ठेवलं. एवढंच. अब्राहामाला देवाने शब्द दिला होता की हा देश मी तुझ्या संततीला देईन. इसहाकाला आणि याकोबालाही तोच शब्द पुन्हा मिळाला होता. आणि पुस्तक संपतं तेव्हा सगळं घराणं त्या देशाबाहेर आहे.

पण मरण्याआधी योसेफाने भावांना एक शपथ घ्यायला लावली होती. देव तुमची भेट घ्यायला येईल, तुम्हाला इथून नेईल, तेव्हा माझ्या अस्थी इथे ठेवू नका.

त्याचा बाप याकोब वारला तेव्हा रथ आणि घोडेस्वारांसह त्याचा देह कनानात नेऊन मकपेलाच्या गुहेत ठेवला होता. फारोच्या खालोखाल मान असलेल्या योसेफाला तेच मागता आलं असतं. त्याने मागितलं नाही. मला वाटतं, आपल्या माणसांना मागे सोडून एकट्याने घरी जाणं त्याला नको होतं. ते निघतील तेव्हाच तोही निघणार होता.

इस्राएल लोकांचा मिसरातला मुक्काम 430 वर्षांचा झाला, असं निर्गमाचं पुस्तक सांगतं. शपथ वाहिलेले भाऊ गेले, त्यांची मुलं गेली. योसेफाला न ओळखणारा राजा गादीवर आला. त्याने लोकांना मातीविटांच्या कामाला जुंपलं आणि त्यांचे तान्हे मुलगे नदीत टाकायचा हुकूम काढला. अशा दिवसांत ती शपथ कोणी कोणाच्या कानावर घातली, हे शास्त्र सांगत नाही. पण कुणीतरी घातली, कारण निघायच्या धांदलीत लोक न फुगलेली कणीक खांद्यावर टाकत होते, मिसऱ्यांकडून सोनं-रुपं घेत होते, तेव्हा मोशेने योसेफाच्या अस्थी घेतल्या. मोशे राजवाड्यात वाढलेला, पुढे मिद्यानात परागंदा झालेला. त्यालाही ती शपथ ठाऊक होती!

पुढे रानात 40 वर्षं. तिथे दोन पेट्या सोबत होत्या. एक बाभळीच्या लाकडाची, सोन्याने मढवलेली, कराराच्या दगडी पाट्यांची. दुसरी योसेफाची. इब्री भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे, आरोन. एकीत देवाचा करार, दुसरीत त्या करारावर विसंबून मेलेला माणूस. मिसर सोडल्यावर वीस वर्षांचे आणि त्याहून मोठे म्हणून ज्यांची शिरगणती झाली, ते कालेब आणि यहोशवा सोडून सगळे वाटेतच मरण पावले. खांदे बदलत गेले, पेट्या पुढे सरकत राहिल्या.

आपण देवाच्या विश्वासूपणाचं माप आपल्या आयुष्याच्या लांबीने घेतो. माझ्या हयातीत झालं तर त्याने शब्द पाळला, नाही तर तो विसरला. मीही असं माप कितीदा लावलं आहे. अब्राहामाला मात्र देवाने आरंभीच सांगून टाकलं होतं की तुझी संतती परक्या देशात 400 वर्षं जाच सोसेल आणि मग बाहेर येईल. त्याने ते ऐकलं आणि तरीही विश्वास ठेवला. ज्याला शब्द मिळाला त्याने फळ पाहिलं नाही. ज्यांनी फळ पाहिलं त्यांनी तो शब्द वाडवडिलांच्या तोंडूनच ऐकला होता. तुमच्या घरात एखादी प्रार्थना आजीपासून चालत आली असेल आणि अजून पुरी झाली नसेल, तर ती खाली ठेवू नका. लेकरांना सांगा.

यहोशवाचं पुस्तक शेवटाकडे येतं तेव्हा योसेफाच्या अस्थी शखेमात पुरल्या जातात, याकोबाने हमोराच्या मुलांकडून शंभर कसीटांना घेतलेल्या जमिनीत. हा देश तुझ्या संततीला देईन असं देव अब्राहामाला कनानात पहिल्यांदा बोलला, ते ठिकाण शखेमच. आणि सतरा वर्षांच्या योसेफाला बापाने भावांची खुशाली विचारायला धाडलं होतं, तेही शखेमलाच. त्या दिवशी घरातून निघालेला तो मुलगा तिथून पुढे दोथानला गेला, विकला गेला, आणि बापाच्या जमिनीत परत आला तो असा.