घरातलं शस्त्र आणि श्रावकाचं व्रत

वडील, आमचे अण्णा, गेले आणि त्यांचं पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर आम्ही पोलीस ठाण्यात जमा केलं. वारस म्हणून त्याचा परवाना माझ्या नावावर घ्यायचा का, हे आता मला ठरवायचं आहे. भाऊ म्हणतो, "आक्का, मळ्यात एकटी असतेस. घेऊन टाक." शिरोळ तालुक्यात ऊस वाढला की वस्तीवरून शेजारचं घर दिसत नाही. त्याची काळजी खरी आहे. पण मी अणुव्रतं, म्हणजे गृहस्थांसाठीची मर्यादित व्रतं, घेतलेली जैन श्राविका आहे, त्यामुळे हा अर्ज मला आधी स्वतःपुढे करावा लागतो.

जैनांचं उत्तर ठरलेलंच असणार, असं लोकांना वाटतं. तसं नाही. संपूर्ण अहिंसा मुनींची. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगतात: मारायचं ठरवून केलेली संकल्पी, चूल-पाण्यात होणारी आरंभी, शेती-धंद्यातली उद्योगी आणि अंगावर आलेल्याला अडवताना होणारी विरोधी. पहिली सोडायचीच, बाकीच्या होतील तितक्या कमी करायच्या. श्रवणबेळगोळचा बाहुबली उभारणारा चामुंडराय सेनापती होता. त्यानं लढाया केल्या, तरी त्याचं नाव आम्ही आदरानं घेतो.

या कसोटीवर शिकारीचा निकाल लगेच लागतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याआधीही श्रावकाला ती मोकळी नव्हती. नेमबाजीचं काय? आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, तेव्हा मलाही अभिमान वाटला. इथं सोमदेवसूरींच्या 'यशस्तिलक'मधला यशोधर राजा आठवतो. आईच्या आग्रहाखातर त्यानं देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला आणि त्या संकल्पापायी मायलेकांना पशूंचे जन्म घ्यावे लागले. कागदावर वर्तुळं असतील तर नेम हा श्वासाचा आणि हाताचा अभ्यास आहे. माणसाची आकृती असेल आणि मनात कुणाचा चेहरा असेल, तर तो पिठाचाच कोंबडा.

राहिलं संरक्षण. अण्णांनी पिस्तुलाऐवजी रिव्हॉल्व्हर विचार करून घेतलं होतं. नळी खाली मोडली की सहाही पुंगळ्या एकदम वर येतात. एखादं काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. घाबरलेल्या हाताला एवढं साधंच यंत्र झेपतं.

पण त्याची गरज पडलीच तर मिनिटभर, आणि घरात ते वर्षानुवर्षं. अण्णांनी ते कधी कुणावर रोखलं नाही. तरी जेवताना ते सांगत बसायचे: चोर कुठल्या बांधानं येईल, आपण कुठल्या खांबाआड उभं राहायचं, पहिली गोळी पायावर की छातीवर. कुत्रं भुंकलं की त्यांचा हात उशाखाली जायचा. कारण नसताना कुणाच्या वधाचा विचार घोळवणं याला शास्त्रात अपध्यान म्हणतात. अनर्थदंडाच्या, म्हणजे विनाकारण केलेल्या पापाच्या, पाच प्रकारांत ते मोडतं. विरोधी हिंसेची मुभा चोर अंगावर आल्यावरची. तो येण्याआधी मनात रोज पाडलेल्या माणसाला ही मुभा कशी लागू होईल? अमृतचंद्राचार्य तर रागद्वेष उठण्यालाच हिंसा म्हणतात, मग गोळी सुटो वा न सुटो.

एक दुकानदार चांगली किंमत द्यायला तयार आहे. पण दुसऱ्याच्या हाती शस्त्र देणं हे हिंसादान, त्याच पाचांतलं. म्हणून मी ते सरकारजमा करणार आहे.

ज्याच्या दारात खरोखर धोका उभा आहे आणि ज्याचं मन शस्त्र जवळ असूनही शांत राहतं, त्यानं ते ठेवलं तर मी त्याला दोष देणार नाही. माझ्यावर कुणी चालून आलं तर मीही हात बांधून बसणार नाही. व्रत तसं सांगतही नाही. भावाला मी एवढंच सांगितलं, की दाराला पक्की कडी लाव, वस्तीवर मोठा दिवा लाव, रात्री एक फोन करत जा. त्यानं माझं रक्षण होईल आणि कुणाच्या मरणाची तयारी मला रोज करावी लागणार नाही.